शहराचं नाव, 49 बाइट

फेब्रुवारी 2023 मध्ये औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि ‘शहर’ हा रकाना असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षा सुरू झाली. समजा, रकान्याची मर्यादा 20 आहे. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल असेल, तर देवनागरी नाव विनातक्रार साठवलं जातं. सर्व्हरवरचं ओरॅकल मात्र एरर देतं. अशा वेळी कोडमध्ये हात घालण्याआधी संदेश शेवटपर्यंत वाचावा: प्रत्यक्ष 49, कमाल 20. सगळं उत्तर याच दोन आकड्यांत आहे. युनिकोड काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सुटे धरतं; या नावात अशी 16 चिन्हं आणि एक स्पेस. मायएसक्यूएल ही 17 मोजतं. ओरॅकल एरवी बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 48 अधिक स्पेसचा 1.

मला खरी धास्ती वाटते ती एररच न देणाऱ्या चुकीची. रोमन लिपीत हे नाव स्पेस धरून 25 अक्षरांचं. एखादा जुना प्रोग्राम ते गुपचूप 20वर कापतो, तेव्हा नेमकं ‘छत्रपती संभाजी’ उरतं. वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही! चाचणीला ‘पैठण’ टाकून समाधान मानू नका. हेच पूर्ण नाव टाका, दोन्ही लिप्यांत.