गोळ्या पोचल्या, तपासणी राहिली

कोविडच्या पहिल्या वर्षात एचआयव्हीविरुद्धच्या लढ्यात दोन उलट गोष्टी घडल्या. ‘ग्लोबल फंड’ ही आंतरराष्ट्रीय निधीसंस्था ज्या देशांना मदत करते, तिथे २०१९च्या तुलनेत २०२० मध्ये एचआयव्ही तपासण्या २२ टक्क्यांनी घटल्या. उपचार घेणारे मात्र ८.८ टक्क्यांनी वाढून २ कोटी १९ लाख झाले. असे का?

उपचार घेणाऱ्याचे नाव उपचार केंद्राच्या नोंदीत असते. त्यामुळे भारतासह अनेक देशांनी काही महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, कुठे त्या घरपोच केल्या. लागण झाल्याचे ज्याला ठाऊकच नाही, त्याला मात्र शोधावे लागते. वर्षानुवर्षे लक्षणे नसल्याने तो आपणहून येत नाही. टाळेबंदीत शिबिरे थांबली, अनेक ठिकाणी प्रयोगशाळा कोविडकडे वळल्या.

तपासणीला होणाऱ्या या उशिराची किंमत दुहेरी. शरीरातील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी घटत जातात आणि क्षयासारखे आजार बळावतात; शिवाय नकळत विषाणू जोडीदारापर्यंत जाऊ शकतो. याउलट, नियमित उपचारांनी विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. भारतात सरकारी आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल गोपनीय ठेवला जातो.