चेंडू सर्वांत वर पोचतो तेव्हा : भौतिकशास्त्राच्या वर्गातला संगणक

नाशिकमध्ये या विषयावर बोलायचं तर सुरुवात संगणकापासून नाही, दादासाहेब फाळक्यांपासून करावी लागते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी एक छोटी फिल्म केली होती. वाटाणा पेरायचा आणि वाढणाऱ्या रोपाची ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहायचं. पडद्यावर रोप बघता बघता उभं राहिलं! भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी केलेली ती फिल्म, पण आम्हा शिक्षकांना ती धड्यासारखी वाटते. इतकी संथ गोष्ट की डोळ्याला दिसत नाही, ती तिने दिसती केली. भौतिकशास्त्रात आमची अडचण बहुतेक वेळा उलटी असते. गोष्ट दिसायच्या आत घडून गेलेली असते.

चेंडूचंच घ्या. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत वर पोचतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? बी.एस्सी.च्या वर्गातसुद्धा हमखास 'शून्य' असं उत्तर येतं. गतीची तिन्ही समीकरणं न अडखळता लिहिणारी ही मुलं. चेंडू थांबला म्हणजे त्वरणही संपलं, असं मनात पक्कं बसलेलं असतं. फळ्यावर कितीही वेळा 'शून्य आहे तो वेग' असं लिहिलं तरी ते बसलेलं हलत नाही.

आता मोबाईल घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चौकटी टिपतो. 'ट्रॅकर' नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे. तिच्यात चौकटीमागून चौकट चेंडूवर टिचकी मारत जायची. प्रणाली बिंदूंमधली अंतरं देते. हवेचा विरोध सोडून दिला तर माथ्याजवळ ती साधारण अशी येतात : वर जाताना 2.7, 1.6, 0.5 सेंटिमीटर, मग खाली 0.6, 1.7, 2.8. दर चौकटीला 1.1 सेंटिमीटरचा फरक. वर जाताना तितकाच, खाली येताना तितकाच, आणि (हे महत्त्वाचं) माथ्यावरही तितकाच. अर्धा सेंटिमीटर वर, मग 0.6 खाली : फरक 1.1 चाच. चेंडू वळला, पण त्या फरकाला त्याचा पत्ताच नाही. तो फरक म्हणजेच त्वरण. आलेख काढला तर वेगाची रेषा शून्याला छेदून त्याच उताराने सरळ खाली जाते.

पण नुसतं दाखवून भागत नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझुर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात प्रयोग नुसता पाहिलेल्या मुलांना आणि तो न पाहिलेल्यांना नंतर कारण विचारलं, तर दोघांत जेमतेम फरक होता. ज्यांनी आधी 'काय होईल' याचा अंदाज नोंदवला होता, ती मुलं पुढे होती. म्हणून आमचा नियम : चेंडू फेकण्याआधी वहीत आलेख काढा. चुकला तरी खोडायचा नाही. मल्टिमीडियावर खर्च करणाऱ्या संस्था हा फुकटचा भाग नेमका विसरतात.

मग प्रयोगशाळा कशाला हवी, सगळं संगणकावरच करू, असं विचारतात. प्रश्न अगदीच फोल नाही. नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या विद्युत-मंडलावर शिकलेली मुलं नंतर खऱ्या तारा जोडण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांच्या पुढे गेली, असं 2005 मधल्या एका अभ्यासात दिसलं. पडद्यावर इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. तांब्याच्या तारेत कुणाला दिसलेत? आणि आपल्याकडे तर 1989 पासून नाशिकहून चालणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी करून, घर सांभाळून शिकणाऱ्याला रात्री दहाला उघडता येणारी प्रयोगशाळा म्हणजे चैन नव्हे. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' आहेत, त्या जरूर वापराव्यात.

तरी आमची एक धास्ती आहे. सिम्युलेशनमध्ये आपण घातलं तेवढंच बाहेर येतं. तिथे 9.8 घातलेला असतो, म्हणून 9.8 येतो. जर्नलात उत्तरावरून मागे येत निरीक्षणं भरण्याची आपली जुनी खोड आहेच (आम्हीही विद्यार्थिदशेत भरलीत). संगणक तिला बळ देईल.

खऱ्या चेंडूचं तसं नाही. आमच्या एका तुकडीला गुरुत्वत्वरण 10.7 आलं. नाशिकला ते 9.78 च्या आसपास असायला हवं. मुलं म्हणाली, "सर, मोबाईल खराब आहे." आम्ही म्हटलं, पट्टी कुठे लावली होती? भिंतीला. चेंडू कुठे उडाला? भिंतीच्या वीसेक सेंटिमीटर अलीकडे. आणि मोबाईल? चेंडूपासून दोन मीटरवर. म्हणजे पट्टी 2.2 मीटर लांब, चेंडू 2 मीटर. जवळचा चेंडू पट्टीच्या मानाने जास्त सरकल्यासारखा दिसणार, दहा टक्के. 10.7 ला 1.1 ने भागलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता झाली. मागच्या बाकावरच्या मुलीने पट्टी भिंतीवरून काढली, चेंडू उडतो त्याच प्रतलात धरली आणि म्हणाली, "सर, परत घेऊ?"