बघच तू... आवडलं नाही तर मला धर!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. बॉस अजून मीटिंगमध्ये, एक्सेल शीट उघडीच, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकतं, ‘वीकेंडला काय बघू? सुचवा रे!’ पुढच्या दहा मिनिटांत सतरा नावं येतात. एक कोरियन सिरीज, दोन मल्याळम थ्रिलर, एक डॉक्युमेंटरी (ती सुचवणाऱ्यानेही बघितलेली नाही, पैजेवर सांगतो) आणि एक महाशय ‘सगळं ओव्हररेटेड आहे’ म्हणून आधीच्या सगळ्यांचा पाणउतारा करून जातात. रविवारी रात्री विचारा, काय बघितलंस? ‘अरे यार, पुन्हा फ्रेंड्सच लावलं!’

मीही याच ग्रुपमधला. वर पैसे घेऊन सिनेमांवर, पुस्तकांवर, कधीमधी गाण्यांवर लिहितो. पाचपैकी साडेतीन तारे देणं हा माझ्या घरभाड्याचा भाग आहे. माझ्या ताऱ्यांवर विसंबून कुणाची संध्याकाळ फुकट गेली असेल, तर ते मला कधीच कळलेलं नाही. म्हणून तर निवांत झोप लागते.

पाटणला असं चालायचं नाही.

पाटण म्हणजे गुजरातेतलं नव्हे हो, आपलं सातारा जिल्ह्यातलं. कराडहून चिपळूणकडे निघालं की कोयना आणि केरा या दोन नद्या जिथे भेटतात, ते. कोयना धरण किंवा सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला जाताना तुम्ही तिथे वडापावसाठी थांबलाही असाल. माझी शाळा आणि ज्युनिअर कॉलेज तिथलं. सिनेमा बघायचा तर एसटीने कराड गाठायचं, तासाभराचा रस्ता. त्यामुळे ‘कुठला बघू?’ हा प्रश्न गंभीर असायचा. चुकलं तर तिकीट, एसटीभाडं आणि घरच्यांची बोलणी असा तिहेरी फटका!

गाण्यांचा मात्र सुकाळ होता. त्याचं श्रेय स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानाला.

वीस रुपयांत फुल कार्ड

साधारण २०१० ते २०१६ या काळात छोट्या गावात वाढलेल्या कुणालाही विचारा, मेमरी कार्ड भरून घेणं म्हणजे काय ते. दुकानात रिचार्ज, लॅमिनेशन, मोबाईलची कव्हरं आणि कोपऱ्यात एक धुळकट कॉम्प्युटर. तुम्ही दोन जीबीचं कार्ड द्यायचं, दुकानातला दादा दहा-वीस रुपयांत ते भरून द्यायचा. त्याच्या फोल्डरची नावं मला अजून पाठ आहेत. ‘नवीन हिंदी’, ‘लग्न’, ‘भक्ती’, ‘डीजे’, ‘शिंदेशाही’, ‘दर्दभरी’. बऱ्याच गाण्यांच्या सुरुवातीला एक बाई कुठल्या तरी वेबसाईटचं नाव घ्यायची. सगळा माल चोरीचा आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. हल्ली माझा लेख कुणी ढापला की बरोबर आठवतं.

पण दादा नुसता कॉपी-पेस्ट करणारा नव्हता. तो आधी माणूस बघायचा. माझ्या वडिलांच्या कार्डात प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं आणि काळू-बाळूंचे वग. आईचं वेगळंच. ती रेडिओवर वाढलेली. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि फर्माईशीच्या पत्रांमुळे झुमरी तलैया नावाचं आता झारखंडमध्ये असलेलं अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं, हे तुम्ही ऐकलं असेलच. आईला गाण्याइतकीच ती फर्माईश करणाऱ्यांची नावं आवडायची. गाणं कुणीतरी, कुणासाठी तरी मागितलेलं असलं पाहिजे, हा तिचा हट्ट. दादाने तिच्या कार्डाला फोल्डरच तिच्या नावाचा केला. ती खूश!

बारावीला होतो तेव्हाची गोष्ट. एकदा कार्ड घरी आणून लावलं, तर त्यात न मागितलेली एक वस्तू. शब्दच नाहीत, नुसती संतूर, बासरी आणि गिटार. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. ‘रात्री अभ्यास करतोस ना? शब्दांची गाणी लावून काय डोंबल डोक्यात जाणार? आठ दिवस ऐक. नाही आवडलं तर पुढचं कार्ड फुकट,’ दादा म्हणाला. ते ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होतं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचं. काश्मीरच्या खोऱ्यातला मेंढपाळाचा एक दिवस, रागांतून सांगितलेला. साल १९६७. आमच्याकडे सदुसष्ट म्हटलं की फक्त ११ डिसेंबरच्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवतो. त्याच वर्षी असं काही शांत वाजवलं गेलं होतं, हे मला एका रिचार्जवाल्याने शिकवलं. पुढचं कार्ड मी पैसे देऊनच भरलं.

एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा दादाला कुणालाच काही सुचवावं लागलं नाही. येईल त्याला अजय-अतुलच हवे होते. सप्टेंबरात जिओ आलं आणि बघता बघता कार्ड घेऊन येणारं कुणी उरलं नाही. दुकान आहे अजून. टेम्पर्ड ग्लास झकास बसवून मिळते.

सुपारी!

याहून मोठी जोखीम बघायची असेल तर गावची जत्रा बघा. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातच, डोंगरात. नाव सांगत नाही, वडील हे पान वाचतात. चैत्र-वैशाखात जत्रा, आणि जत्रेत तमाशा हवाच. पण कुठला?

त्यासाठी गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावची पंचमंडळी पुणे जिल्ह्यात नारायणगावला जातात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. तिथे वेगवेगळ्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. राहुटीत जायचं, चहा घ्यायचा, तारीख आणि रक्कम यांवर घासाघीस करायची आणि जमलं की सुपारी द्यायची. हातातले पैसे घरटी काढलेल्या वर्गणीचे असतात. ट्रेलर नाही, रेटिंग नाही. आधार एकच, मागच्या वर्षी शेजारच्या गावात कुणाचा फड रंगला आणि कुणाचा वग अर्ध्यातच गडबडला याची ऐकीव माहिती.

वडिलांनी वीसेक वर्षं ही जबाबदारी सांभाळली. त्यांचा देव म्हणजे काळू-बाळू. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांच्या जोडीवर अख्खा पश्चिम महाराष्ट्र पोट धरून हसला. ते बघितलेल्या माणसाला दुसरं काही पसंत पडणं मुश्कीलच. तरी दर वर्षी निवडायचंच असायचं. एका वर्षी वडिलांच्या शब्दावर आणलेला फड सपशेल पडला. बतावणीत दम नाही, वगाला रंग नाही, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला तर माणसंच फिरकली नाहीत. पुढचं वर्षभर दूध घालायला गेलं तरी डेअरीत कुणीतरी विचारायचं, ‘काय आण्णा, यंदा पण तसलाच आणणार का?’

आपल्यापैकी किती जणांना आपल्या शिफारशीबद्दल वर्षभर कुणी धारेवर धरलंय?

गॉडफादर, अर्थात!

२०१५ मध्ये पुण्याला मास कॉमला आलो. पहिल्या तासाला सगळ्यांनी नाव, गाव आणि आवडता सिनेमा सांगायचा होता. एकेक नाव येत गेलं. शॉशँक रिडेम्प्शन, पल्प फिक्शन, कुणीतरी इराणी. माझा नंबर आला. मी ‘गॉडफादर’ म्हणालो. बघितला नव्हता. माझा खरा आवडता सिनेमा होता ‘दे धक्का’. मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव आणि ती ढकलत सुरू करावी लागणारी गाडी! कराडला दोनदा आणि टीव्हीवर अगणित वेळा बघितलेला.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एकीने ‘लिटल मिस सनशाईन’ डोक्यावर घेतला. दोन ऑस्कर, काय स्क्रिप्ट आहे वगैरे. बघायला बसलो आणि दहाव्या मिनिटाला उडालोच. अरे, ही तर आपलीच गाडी! २००८ चा ‘दे धक्का’ या २००६ च्या सिनेमावर बेतलेला होता. तेव्हा तरी तोंड उघडावं ना? नाही उघडलं. ‘ब्रिलियंट’ म्हणालो.

आवडीनिवडीवरून माणसं एकमेकांची जागा ठरवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. इंटरव्ह्यूनंतरच्या कॉफीपासून ते लग्नाच्या पहिल्या भेटीपर्यंत. आपण सिनेमाचं नाव सांगतो तेव्हा बऱ्याचदा आपलाच बायोडेटा देत असतो. त्यात मेमरी कार्डवाल्याला जागा नसते.

वीस मिनिटं

२०१७ मध्ये आमच्याच हॉलमध्ये नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ बघितला. आला होता २०१४ लाच, माझा राहून गेला होता. हललो. रूमवर येऊन गावाकडच्या मित्राला लांबलचक मेसेज लिहिला. हा माझा शाळेतला बेंचमेट. त्याचं घर गावाच्या अगदी कडेला. का कडेला, हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. तेव्हा तो कराडजवळ एमआयडीसीत नुकताच लागला होता. मी लिहिलं की तू हा बघायलाच हवास, फ्रेम काय आहेत, ध्वनी काय आहे आणि शेवटी जब्याने भिरकावलेला तो दगड कसा थेट आपल्यावर येतो...

आठ दिवसांनी मीच फोन केला.

‘बघितला की. वीस मिनिटं.’

‘मग?’

‘मग काय, बंद केला. पुढचं मला माहितीये.’

मी पुन्हा त्या दगडाचं सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तुझ्यावर येत असंल भावा. मी त्या बाजूला हाय.’

काय बोलणार? सिनेमा थोर आहे, माझं मत आजही तेच आहे. पण ज्याला सुचवला त्याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. मेसेजमधल्या उपमा जुळवत बसलो होतो. दुकानातल्या दादाला हे जमायचं, पाटणच्या अकरावी-बारावीच्या पोरांना ओळखून त्यांची कार्डं भरायला. मी तर या माणसाबरोबर दहा वर्षं एका बाकावर बसलो होतो.

त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो पुस्तक घेऊन आला. पानं सुटलेलं, कव्हर चिकटपट्टीने बसवलेलं. ‘वाच. मग बोलू.’ अण्णा भाऊ साठेंची ‘फकिरा’. सांगायला लाज वाटते, पण पत्रकारितेचं शिक्षण घेणाऱ्या मला अण्णा भाऊ म्हणजे एका मार्काचं उत्तर होतं. वाळवा तालुक्यातलं त्यांचं वाटेगाव आमच्या कराडपासून काही फार लांब नाही. कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, १९६१ मध्ये राज्य सरकारचं पारितोषिक मिळालेली. दुष्काळात धान्य लुटून लोकांना जगवणारा, इंग्रजांना नडणारा फकिरा. त्यातलं वारणेचं खोरं आमच्याच डोंगरांच्या पलीकडचं. रात्री दोनपर्यंत वाचून काढली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. त्याचं घर आतून मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर आमचं देणंघेणं सुरू झालं. महिन्याला एक. त्याच्या चार गोष्टी मला मुळीच आवडल्या नाहीत, माझ्या सहा त्याला. हिशेब आहे आमच्याकडे.

तुम्ही काम काय करता?

आता थोडं तुमच्या वीकेंडसाठी. महाबळेश्वर-पाचगणीला दर वर्षी जाताच, तर वाटेत भिलारला थांबा. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली, पण मांडणी आपली. पुस्तकं लोकांच्या घरांत विषयवार ठेवलेली. कुणाकडे कादंबऱ्या, कुणाकडे कविता, कुणाकडे इतिहास. तिथेच बसा आणि वाचा.

मी दोन मित्रांना घेऊन गेलो होतो. एका घरात विनोदी पुस्तकं होती. त्या घरच्या काकूंनी ‘कुठला लेखक आवडतो?’ असं विचारलंच नाही. ‘तुम्ही काम काय करता?’ म्हणाल्या. मित्र म्हणाला, आयटी, अमेरिकन शिफ्ट. काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि द. मा. मिरासदारांचा कथासंग्रह हातात ठेवला. ‘लहान लहान गोष्टी आहेत. मध्येच डोळा लागला तरी चालतं.’ पठ्ठ्याचा डोळा काही लागला नाही. ओसरीवर बसून एकटाच खिदळत होता.

परवा वडिलांचा फोन आला. गावात नव्या पोरांचं म्हणणं आहे की तमाशा बास, यंदा ऑर्केस्ट्रा आणू. पंचांमध्ये दोन तट पडलेत. ‘तू पेपरात लिहितोस, लोकांना सांगत असतोस काय बघा म्हणून. मग सांग, कुठला फड आणू? पोरांना पटंल असा.’

मी यूट्यूब उघडलं. व्ह्यूज बघितले, दोन नावं टाईप केली आणि पुसली. पंधराव्या वर्षानंतर मी एकही तमाशा अखेरपर्यंत बसून बघितलेला नाही. तसं सांगितलं.

‘मग पाडव्याला ये. नारायणगावला जीप ठरवलीय. बघ आणि पोरांपुढं तूच बोल.’

रात्री मित्राला फोन केला, येतोस का म्हणून. ‘येतो की. पण राहुटीत मी पण बोलणार,’ तो म्हणाला. गावच्या सुपारीसाठी त्याच्या घरचं आजवर कुणी गेलेलं नाही. वर्गणी मात्र दर वर्षी दिलेली आहे.

वडिलांना कळवलं. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘सहाला निघायचंय. त्याला म्हणावं, उशीर करू नको.’