गवताच्या गंजीखालचा सत्संग

गेल्या श्रावणात पंचवटीतील एका मंदिरात आमची सात दिवसांची कीर्तनसेवा होती. पाचव्या रात्री आरती झाली, बुक्का लावून झाला, प्रसाद वाटला गेला, पेटीवाले आणि तबलजी आपापली वाद्ये बांधू लागले. तरी एक तरुण खांबाला टेकून बसूनच होता. विचारपूस केली तेव्हा कळले की, तो शिक्षणासाठी खानदेशातून आलेला असून भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणाला, "बुवा, खोलीत आम्ही चौघे आहोत. जेवायला, झोपायला सोबत आहे. पण आपण हे सारे कशासाठी शिकतो आहोत, ते ज्याच्याशी बोलावे असे कोणी नाही. इथे बसलो की बरे वाटते. पायरी उतरलो की पुन्हा एकटा."

सत्संगाचा महिमा सांगण्यात आमची चाळीस वर्षे गेली. त्यावरची सुभाषिते जिभेच्या टोकावर असतात. परंतु त्या मुलापुढे एकही उच्चारवेना. त्याऐवजी आम्ही त्याला जी कथा सांगितली ती आमच्या कोणत्याही पोथीतली नाही. परक्या देशातील, परक्या धर्मातील काही विद्यार्थ्यांची ती कथा आहे. मात्र तिच्यातील एकाचा शेवट याच नाशिक क्षेत्राच्या आसमंतात, एका देवळाच्या ओसरीवर झाला. श्रावणाच्या निमित्ताने वाचकांच्या घरोघरी शिकणारी मुले सुट्टीला आलेली असतील. त्यांच्यासाठी तीच कथा येथे सांगतो.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात, डोंगरांच्या कुशीत विल्यम्सटाउन नावाचे गाव आहे. तेथे 1793 साली विल्यम्स कॉलेज स्थापन झाले. 1806 साली सॅम्युअल मिल्स नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी तेथे आला. तो एका धर्मोपदेशकाचा मुलगा. आईने त्याला ईश्वरी कार्याला वाहिलेला. रूप बेताचे, वक्तृत्व नाही, अभ्यासातही चमक नाही आणि आवाज तर चक्क कर्कश, असे त्याचे वर्णन त्याच्या ओळखीच्यांनीच करून ठेवले आहे. (ज्याची उपजीविका कंठावर चालते अशा आमच्यासारख्याला हे वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते.) पण या मिल्सभोवती माणसे जमत. कॉलेजातील काही विद्यार्थी आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, उघड्या माळावर प्रार्थनेसाठी एकत्र येत. भाविक मुलांची टवाळी करण्याचे ते दिवस होते. त्यामुळे वसतिगृहाच्या खोलीपेक्षा झाडाखाली बसणे त्यांना बरे वाटत असावे.

ऑगस्ट महिन्यातील एका शनिवारी उकाडा फार होता, म्हणून मंडळी थोडीच आली. मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन असे पाचच जण. प्रार्थना चालू असता आभाळ भरून आले, विजा कडकडू लागल्या. जवळच्या कुरणात गवताची गंजी होती. तिच्या आडोशाला ही पाच मुले शिरली. पाऊस थांबेपर्यंत बोलणे निघाले ते आशिया खंडाचे. मिल्सने विषय काढला की, आपला धर्म तिकडे पोचवला पाहिजे, आणि आपण मनावर घेतले तर ते आपल्याच हातून होईल. लूमिसला ते पटले नाही. ते लोक अजून त्यास तयार नाहीत, जाणाऱ्यांचे प्राण जातील, असा त्याचा आक्षेप. त्या गंजीखाली वाद झाला, मग प्रार्थना झाली, आणि ऊन पडल्यावर सारे बाहेर आले.

येथे आम्हास थांबावे लागते. ज्यांच्याविषयी ही मुले त्या गवतात बोलत होती ते लोक म्हणजे आपणच. आपल्यापैकी एकालाही न पाहता, येथील एक शब्दही न ऐकता त्यांनी ठरवले की, आपण अंधारात आहोत. ज्या वर्षी ते हे बोलत होते त्या वर्षी पंढरीची वारी नेमाने चालत होती, गोदाकाठी वेदपाठ होत होते. हे आम्हास खटकते, आणि खटकते ते लपवून कथा सांगणे आमच्या स्वभावात नाही. आमच्या त्या तरुण श्रोत्यानेही नेमके हेच विचारले, "बुवा, मग यांचे कौतुक कशाला?"

आमचे उत्तर त्यांच्या मताविषयी नव्हते, त्यांच्या जुळणीविषयी होते. पुढे 1808 साली या मित्रांनी 'ब्रदरेन' म्हणजे बंधुजन या नावाचे एक मंडळ स्थापले. ते गुप्त होते. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली होती. या पोरांच्या डोक्यात वेड शिरले आहे असे कोणी म्हणू नये, आणि बेत फसलाच तर कार्याची अपकीर्ती होऊ नये, एवढ्यासाठी. त्या घटनेतील दोन गोष्टी आम्हास फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की, मंडळाचा हेतू दुसऱ्या कोणाला पाठवण्याचा नव्हता. सभासदाने स्वतः जायचे होते. आणि दुसरी, बोलावणे येईल तेव्हा निघता आले पाहिजे, म्हणून त्याला अडसर होईल असा कोणताही पाश सभासदाने गळ्यात घालून घ्यायचा नव्हता. एकमेकांना ते धरून राहिले ते नुसते बरे वाटावे म्हणून नव्हे. प्रत्येकाला एक दिवस एकट्याने दूर जायचे होते, आणि त्यासाठीच आज एकत्र बसायचे होते.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. यांतील काही जण अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात गेले, तेथे आणखी मित्र मिळाले. 1810 साली त्यांनी आपल्या प्रांतातील चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे अर्ज ठेवला. अर्जावर आधी सहा नावे होती; इतकी मुले पाहून वडील मंडळी घाबरतील म्हणून दोन नावे खोडली! त्या अर्जातूनच परदेशात धर्मोपदेशक पाठवणारी अमेरिकेची पहिली संस्था उभी राहिली. 1812 च्या फेब्रुवारीत पाच तरुण दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांत मिल्स नव्हता. ज्याच्या तोंडून तो विषय प्रथम निघाला तो मागे राहून इतरांची तजवीज पाहत राहिला. पुढे आफ्रिकेच्या प्रवासातून परतताना 1818 साली जहाजावरच त्याचा अंत झाला. वय अवघे पस्तीस. आशियाचा किनारा त्याने कधी पाहिला नाही. गंजीखालच्या पाचांपैकी आशियात पोचला तो एकटा रिचर्ड्स, तोही लंकेत; 1822 साली तो तेथेच वारला. आक्षेप घेणारा लूमिस आपल्याच देशात, मेन प्रांतातील बँगोर गावी, उपदेशक झाला. ग्रीन राजकारणात गेला आणि अमेरिकेच्या काँग्रेसचा सभासद झाला.

निघालेल्या पाचांत गॉर्डन हॉल हा विल्यम्स कॉलेजचाच, मिल्सच्या वेळचा विद्यार्थी. 1808 साली तो आपल्या वर्गात पहिला आला. कनेक्टिकटमधील एका चर्चने त्याला चांगली जागा देऊ केली होती. ती त्याने नाकारली. कंपनी सरकारला धर्मोपदेशक नको होते. कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम झाला तेव्हा हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला निसटले आणि 11 फेब्रुवारी 1813 रोजी तेथे उतरले. तेथूनही घालवून देण्याचे हुकूम निघाले. हॉलने गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज केले आणि अखेर पाय रोवले. तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते. सोबती मात्र टिकले नाहीत. नॉट आजारपणामुळे 1815 साली परतला. मागाहून येऊन मिळालेला सॅम्युअल न्यूएल 1821 साली मुंबईत पटकीने वारला. हॉल मराठी शिकला, रस्त्यारस्त्यांत उभा राहून मराठीत बोलू लागला, शाळा काढू लागला, बायबलाच्या मराठी भाषांतराला बसला. 1825 साली पत्नी मार्गारेट मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेस गेली. वाटेत एक मुलगा दगावला. हॉल मागे राहिला.

1826 च्या मार्चमध्ये तो नाशिकला आला. येथे पटकीने थैमान घातले होते. जवळची औषधे त्याने बहुतेक सारी वाटून टाकली आणि परत फिरला. वाटेतील एका खेड्यात रात्र झाली. तो देवळाच्या ओसरीवर चटई टाकून निजला. तेथे आधीच आजारी माणसे पडलेली होती. पहाटे चारच्या सुमारास निघायची तयारी केली, तो त्याच रोगाने गाठले. काही तासांत खेळ आटोपला. मरताना त्याने तीन वेळा ईश्वराचा जयजयकार केला असे नमूद आहे. सोबतच्या मुलांनी कसाबसा खड्डा खणून त्याला पुरले. तो दिवस होता 20 मार्च. ज्या देवांना तो आयुष्यभर खोटे म्हणत आला त्यांतीलच एका देवाच्या ओसरीवर तो गेला. ओसरीला कडी नसते. कोणीही येऊन टेकावे.

त्याने रोवलेले रोप अमेरिकन मराठी मिशन या नावाने वाढले. त्याचा एक फाटा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेला. तेथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि पुण्यात परतून काय केले ते सर्वांस ठाऊक आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच नगरातून ख्रिस्ती भजने लिहिली आणि आमचा कीर्तनाचा फड उचलून नेला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. आम्हास ते पटत नाही. पण ती वाट त्यांना मोकळी दिसली, यात तुकोबांचा काही दोष आहे असेही वाटत नाही.

कथा संपली तेव्हा बराच उशीर झाला होता. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे पाच जण लागतात?" आम्ही म्हटले, "चार तर तुझ्या खोलीतच आहात." तो हसला आणि उठला. सातव्या रात्री, काल्याच्या कीर्तनाला, तो आला. सोबत त्याच खोलीतला एक जण होता. दोघे मागे, चपलांच्या जवळ बसले आणि कीर्तन चालू असता आपापसात कुजबुजत राहिले. एरवी आम्ही डोळे वटारले असते.

विल्यम्सटाउनच्या त्या कुरणात आज संगमरवरी स्तंभ उभा आहे, वर पृथ्वीचा गोल. 1854 साली म्हाताऱ्या बायरम ग्रीनने येऊन गंजीची जागा दाखवली, म्हणून ती सापडली. स्तंभ 1867 साली उभारला. त्यावर पाच नावे कोरली आहेत. त्यांत वाद घालणाऱ्या लूमिसचे आहे. गॉर्डन हॉलचे नाही. तो त्या दुपारी गंजीखाली नव्हता.