पत्ता अचूक, तर पत्र वेळेवर

शासनाचा एखादा निर्णय कितीही लोकहिताचा असला, तरी त्याची माहिती संबंधितांच्या हाती वेळेवर पडली नाही तर त्या निर्णयाचे फळ त्यांच्या पदरात पडत नाही. आज बरीचशी माहिती भ्रमणध्वनीवरून व संगणकावरून क्षणात जाते, हे खरे आहे. तथापि सही-शिक्क्याची पत्रे, नोटिसा, प्रमाणपत्रे, पुस्तिका व नियतकालिके यांच्यासाठी टपालाचा आधार अद्याप घ्यावा लागतो. आणि टपाल म्हटले की पत्ता आलाच.

पूर्वी कार्यालयातील आवक-जावक लिपिक प्रत्येक पाकिटावर हाताने पत्ता लिहीत असे, किंवा टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद लावून पत्त्यांच्या चिठ्ठ्या तयार करून त्या डिंकाने चिकटवीत असे. आता स्प्रेडशीटमधील पत्त्यांची यादी वर्ड प्रोसेसरशी जोडून शेकडो लेबले काही मिनिटांत छापता येतात. या पद्धतीला ‘मेल मर्ज’ असे म्हणतात. मात्र जुन्या व नव्या पद्धतींत एक महत्त्वाचा फरक आहे. हाताने लिहिणारा लिपिक अपुरा पत्ता दिसताच थबकत असे, शेजाऱ्याला विचारीत असे. यंत्र थबकत नाही. यादीत जे आहे तेच ते निमूटपणे छापते. म्हणून या कामातील खरे कौशल्य छपाईत नसून यादीच्या आखणीत आहे.

एका रकान्यात एकच गोष्ट

समजा, एखाद्या तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयाला १६८ शाळांच्या मुख्याध्यापकांना पत्रे पाठवावयाची आहेत. यासाठी स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक शाळेला एक स्वतंत्र ओळ व पत्त्याच्या प्रत्येक भागाला एक स्वतंत्र रकाना द्यावा. पदनाम, शाळेचे नाव, गाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा व पिनकोड असे सात रकाने पुरेसे होतात. संपूर्ण पत्ता एकाच रकान्यात भरण्याचा मोह टाळावा. कारण तसे केल्यास पुढे तालुक्यानुसार किंवा पिनकोडनुसार यादी लावता येत नाही आणि कोणत्या पत्त्यात काय राहून गेले तेही कळत नाही. स्वतंत्र रकान्यातील रिकामा चौकोन मात्र नजरेत तत्काळ भरतो.

पहिल्या ओळीत केवळ रकान्यांची शीर्षके असावीत. वर कार्यालयाचे नाव आणि खाली ‘एकूण’ अशी बेरजेची ओळ लिहिण्याची आपली जुनी सवय येथे अडचणीची ठरते. वरची ओळ शीर्षक समजली जाते आणि ‘एकूण’ या नावाचेही एक लेबल छापून निघते.

व्यक्तींना पत्रे पाठवावयाची असल्यास अधिक काळजी घ्यावी लागते. एकाच गावात एकाच नाव-आडनावाच्या दोन व्यक्ती असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. म्हणून वडिलांचे अथवा पतीचे नाव स्वतंत्र रकान्यात घ्यावे. वडगाव, पिंपळगाव यांसारखी गावांची नावेही अनेक तालुक्यांत आढळतात. तालुका व जिल्हा यांचा उल्लेख म्हणूनच आवश्यक ठरतो.

घर क्रमांकाची तारीख होऊ नये

स्प्रेडशीट हे मूलतः हिशेबाचे साधन आहे. त्यामुळे त्यात भरलेला मजकूर संख्या आहे की तारीख आहे, याचा तर्क ते स्वतःच करते. एखाद्याचा घर क्रमांक इंग्रजी अंकांत ‘सात, तिरपी रेघ, बारा’ असा भरला, तर महाराष्ट्रातील वाचकाला सातबारा आठवेल; स्प्रेडशीट मात्र त्याची ७ डिसेंबर किंवा संगणकाच्या मांडणीनुसार १२ जुलै ही तारीख करून टाकते. मूळ आकडे एकदा असे बदलले की नंतर रकान्याचे स्वरूप पालटूनही ते परत मिळत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातील आरंभीचे शून्यही असेच गळून पडते.

यावर उपाय सोपा आहे. माहिती भरण्यापूर्वीच घर क्रमांक, पिनकोड व दूरध्वनी क्रमांक या रकान्यांचे स्वरूप ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, असे ठरवावे. एकाच रकान्यात काही नोंदी संख्या म्हणून व काही मजकूर म्हणून भरल्या गेल्यास जोडणी करताना त्यांतील काही लेबलांवर उमटतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली यादी तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसते. अशी यादी हाती आल्यास ती प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी.

सहा अंकांचे महत्त्व

पत्त्यातील सर्वांत लहान, परंतु सर्वांत बोलका भाग म्हणजे पिनकोड. ही पद्धती भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे शिल्पकार होत. सारख्या नावाची गावे, निरनिराळ्या भाषा आणि चुकीचे वा अपुरे पत्ते यांमुळे टपालाच्या वर्गवारीत होणारा गोंधळ टाळणे हा तिचा हेतू होता.

पिनकोडचा पहिला अंक देशातील विभाग दर्शवितो. ४ या अंकाच्या विभागात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये येतात. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ या अंकांनी सुरू होतात; गोव्याचे ४०३ ने सुरू होतात. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन अंक बटवडा करणारे टपाल कार्यालय दाखवितात.

अंकांची अदलाबदल झाली तर काय होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ४१६ या अंकांनी कोल्हापूर परिसराचा निर्देश होतो. घाईत त्याचे ४६१ झाले, तर ते मध्य प्रदेशातील नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, या परिसराचे अंक होतात. गावाचे नाव बरोबर असूनही पत्र भलत्याच दिशेला जाण्याचा धोका त्यामुळे निर्माण होतो आणि अर्जाची मुदत तोवर उलटून जाऊ शकते. यास्तव यादी पिनकोडनुसार लावून पहावी. एका तालुक्याच्या यादीत परका आरंभ असलेला पिनकोड अशा मांडणीत वर किंवा खाली वेगळा पडतो आणि चूक सहज सापडते.

जोडणीची कृती

लेबलांचा कागद सामान्यतः ए-४ आकाराचा, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. तीन उभ्या रांगा व प्रत्येक रांगेत आठ, अशी २४ लेबले असलेला कागद घेतल्यास १६८ पत्त्यांना सात कागद लागतात.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘मेलिंग्ज’ या विभागातील ‘स्टार्ट मेल मर्ज’ मधून ‘लेबल्स’ निवडावे व लेबलांच्या वेष्टनावरील उत्पादन क्रमांक किंवा प्रत्यक्ष मापे द्यावीत. नंतर ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’ मधून तयार यादीची फाईल जोडावी. पहिल्या लेबलात ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ च्या साहाय्याने एकेक रकाना योग्य ओळीत बसवावा आणि ‘अपडेट लेबल्स’ ही आज्ञा द्यावी.

ही शेवटची आज्ञा नवशिक्याकडून हमखास राहून जाते. तिच्यामुळे पहिल्या लेबलाची मांडणी उरलेल्या २३ लेबलांवर उतरते. ती दिली नाही तर प्रत्येक कागदावर फक्त पहिले लेबल भरलेले निघते; म्हणजे १६८ शाळांपैकी केवळ सात शाळांची लेबले हाती येतात. यानंतर ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ ने पत्ते पाहून ‘फिनिश अँड मर्ज’ ने स्वतंत्र फाईल तयार करावी.

लिबरऑफिस ही विनामूल्य मिळणारी प्रणाली वापरणाऱ्या शाळा व ग्रामपंचायती यांनाही हे काम करता येते. तेथे स्प्रेडशीटची प्रथम माहितीस्रोत म्हणून नोंदणी करावी लागते. त्यानंतर ‘फाईल’, ‘न्यू’, ‘लेबल्स’ या क्रमाने जाऊन रकाने निवडावेत आणि ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’ हा पर्याय स्वीकारावा.

छपाईपूर्वी दोन तपासण्या

पहिली तपासणी कागदाची. प्रथम एक पान साध्या कागदावर छापून ते लेबलांच्या कागदावर ठेवावे व उजेडासमोर धरून पहावे. मजकूर सरकलेला दिसल्यास छपाईचे प्रमाण १०० टक्के आहे की पानाच्या मापात बसविण्यासाठी ते आपोआप कमी झाले आहे, हे पहावे.

दुसरी तपासणी मजकुराची. स्प्रेडशीटमध्ये गाळणी लावून लपविलेल्या ओळींचीही लेबले छापली जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे किंवा दिवंगत निवृत्तिवेतनधारकाचे नाव अशा रीतीने पुन्हा पाकिटावर येऊ शकते. दिवंगताच्या नावाने आलेले पत्र घरच्या माणसांना किती क्लेश देते, हे सांगावयास नको. म्हणून छपाईसाठी केवळ आवश्यक त्या ओळींची स्वतंत्र प्रत करावी.

यादी ही कार्यालयाची ठेव

परत आलेले प्रत्येक पाकीट हे यादी सुधारण्याची सूचना असते. त्यावरील टपाल खात्याचा शेरा वाचून स्प्रेडशीटमध्ये त्याच दिवशी दुरुस्ती करावी व दुरुस्तीची तारीख एका रकान्यात नोंदवावी. तसेच नागरिकांचे पत्ते ही खासगी माहिती आहे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी अधिनियम संमत केला आहे. ज्या कामासाठी यादी घेतली त्याच कामासाठी ती वापरणे आणि ती वाटेल त्याच्या हाती जाऊ न देणे, हे कार्यालयाचे कर्तव्य ठरते.

लेबल हा कागदाचा एक लहानसा तुकडा आहे. परंतु दूरच्या पाड्यावरील पालकाला अथवा वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला शासनाची पहिली ओळख त्याच तुकड्यावरून होते. तेथे स्वतःचे नाव अचूक लिहिलेले पाहिले, की हे पत्र आपल्यासाठीच आहे असा विश्वास त्याला वाटतो. छपाईचे काम यंत्र करील. हा विश्वास जपण्याचे काम मात्र यादी ठेवणाऱ्यालाच करावे लागेल.