मंगळाचा क्षीण आवाज ऐकणारे संगणक

19 ऑक्टोबर 2016च्या रात्री युरोपीय अंतराळ संस्थेचे शियापरेली यान मंगळावर उतरू लागले. अवघ्या काही वॅटचा त्याचा रेडिओ संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून थेट टिपला तो नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने. सोबतीला नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचे अभियंते होते. जमीन गाठण्याच्या जरा आधी संदेश तुटला. मोजणीतल्या चुकीमुळे यानाने हवेतच पॅराशूट सोडून दिले होते, हे पुढे चौकशीत कळले.

संपादकांनी मला पाठवले ते या दुर्बिणीच्या तबकड्यांवर लिहायला. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, 45 मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या 30 तबकड्या पाहून छाती दडपतेच. पण मन गुंतले ते संगणकांत.

तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले संदेश एकमेकांशी ताडायचे, तेही येतील तसे. एकच लहर दूरच्या तबकडीवर किंचित उशिरा पोचते आणि पृथ्वी फिरते तसा तो उशीरही बदलत राहतो. त्याचा हिशेब क्षणाक्षणाला हवा. पूर्वी हे काम खास घडवलेल्या चिपांचे यंत्र करी. मग ही दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए संस्थेच्या अभियंत्यांनी कॅनडा-अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह बाजारात मिळणारी कार्डे आणि लिनक्सवरचे संगणक जोडून ते सॉफ्टवेअरकडून करून घेतले. 2010 साली त्यावर शोधनिबंध आला. हिमायतनगरसारख्या छोट्या गावातल्या एमएस-सीआयटी वर्गातला संगणक याच कुळातला, हे मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेत केप कॅनव्हेरलच्या एका हँगरमध्ये घरगुती अमिगा संगणकांनी रॉकेटांकडून येणारी मोजमापे वर्षानुवर्षे हाताळली होतीच. खोडदला पुढे व्हिडिओ गेमसाठी जन्मलेले ग्राफिक्स प्रोसेसरही कामाला लागले.

पण स्वस्त संगणक स्वतःच रेडिओ गोंगाट करतो. म्हणून त्याला धातूने मढवलेल्या खोलीत कोंडावे लागते. बाहेरच्या जगाला कोण कोंडणार? मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, कारखाने, सगळ्यांचा आवाज तबकड्यांच्या कानी पडतो. आसपासच्या उद्योगांवर त्यासाठी निर्बंध आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही याच कारणाने अडला. त्या भागाची रेल्वेची मागणी जुनी आणि रास्त आहे. मला रेल्वेही हवी आहे आणि वेधशाळाही. रूळ किती सरकवले म्हणजे दोन्ही साधेल, हे ठरवताना रेल्वेने खोडदच्या अभियंत्यांना आणि गावकऱ्यांना एकाच टेबलाशी बसवावे.