आधी सांग, फिरते की नाही?

विजयादशमीच्या सकाळी नागपुरात ज्याच्या दारी वाहन आहे त्याच्या घरी त्याची पूजा होते. सायकल असो, स्कूटर असो की मोटार असो. तिला आंघोळ घालायची, झेंडूची माळ चढवायची, हळदकुंकू वाहायचे आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घ्यायची. धरमपेठेतल्या आमच्या घरी गेल्या दसऱ्याला हे सारे यथासांग पार पडले. राहिले ते एवढेच शेवटचे! लिंबू चाकाखाली तसेच होते आणि गाडी जागची हलायला तयार नव्हती.

गाडी म्हणजे १९८८ सालची ॲम्बॅसडर. वडिलांनी घेतलेली. तिच्यातूनच माझी वरात निघाली आणि तिच्यातूनच माझी मुलगी दहा दिवसांची होऊन घरी आली. वडील आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. पण दसऱ्याला महालातल्या धाकट्या भावाकडे सोने द्यायला जायचे, आणि तेही याच गाडीतून, हा त्यांचा नेम.

खरे सांगायचे तर माझ्या मनात पाप होते. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याचे शुल्क २०२२ साली सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. ॲम्बॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखाना तर २०१४ सालीच थंडावला. तेव्हा दसरा उलटला की गाडी मोडीत द्यायची, असे मी एका भंगारवाल्याशी बोलून ठेवले होते. वडिलांना मात्र यातले अवाक्षर सांगितले नव्हते.

आठवड्यापूर्वी गाडीने पहिल्यांदा असहकार पुकारला. किल्ली फिरवली की बॉनेटखाली ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे शांतता. शेजारच्या तिघांनी धक्का मारला तेव्हा मात्र गाडी चटकन सुरू झाली. बॅटरी गेली, असा निकाल मी देऊन टाकला आणि साडेपाच हजार मोजून नवी कोरी बॅटरी बसवली. दसऱ्याच्या सकाळी किल्ली फिरवली. ‘टक्’!

“अहो, रिक्षा बोलवा,” दारातून सौभाग्यवती म्हणाल्या. एवढ्यात व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून वडिलांचा आवाज आला, “काय झाले रे?”

“सुरू होत नाही, बाबा.”

“ते मला ऐकू येते आहे. आधी सांग, इंजिन फिरते की फिरत नाही?”

वाचकहो, जुनी मोटार असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न गाठीला बांधून ठेवावा. ‘गाडी सुरू होत नाही’ या एकाच वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. किल्ली फिरवल्यावर इंजिन घर्र घर्र करीत फिरते पण पेट घेत नाही, हा एक. इंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा. पहिल्यात ठिणगी आणि पेट्रोल यांची चौकशी करायची. दुसऱ्यात त्या दोघांना हातही लावायचा नाही. बॅटरी, तारा, सोलेनॉइड आणि स्टार्टर एवढ्यांचीच झडती घ्यायची.

पहिल्या आजाराच्या बाबतीत आमच्या नागपूरची एक खासियत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. मग वर्धा रोडवर भर दुपारी गाडी उभी राहते. अशा वेळी वडील पंपावर ओले फडके टाकीत आणि आम्हांला झाडाखाली बसवून संत्र्याच्या बर्फीचा पुडा उघडीत. बर्फी संपेपर्यंत गाडीही शांत झालेली असे. पावसाळ्यात याच्या उलट. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमटपणा शिरतो आणि ठिणगी वाट चुकते. ते टोपण कोरड्या फडक्याने आतून पुसले की पुष्कळदा काम भागते. तेही नाही झाले तर पॉइंट पाहायचे. त्यांतली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. मापपट्टी नसली तर वडील खिशातले जाडसे व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहत.

पण आमचे इंजिन तर फिरतच नव्हते.

“दिवे लाव,” वडील म्हणाले. “आता किल्ली फिरव. दिवे मंदावतात का?”

“नाही. चांगले लखलखीत आहेत.”

या परीक्षेला पैसाही लागत नाही. किल्ली फिरवताच दिवे मान टाकू लागले तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर मळी चढली आहे. दिवे तसेच प्रखर राहिले तर बॅटरीत दम आहे, पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही. ज्यांच्यापाशी मीटर आहे त्यांनी आकड्यांत पाहावे : स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. आणि इंजिन फिरवताना आकडा दहाच्या फार खाली जाऊ नये.

“ढकलून सुरू झाली होती ना?” वडिलांनी विचारले.

“झाली होती. म्हणून तर बॅटरी बदलली.”

“तिथेच चुकलास. ढकलून सुरू झाली याचा अर्थ ठिणगी आहे आणि पेट्रोल आहे, इतकाच. बॅटरी वाईट, हे त्यातून कुठे निघते? आता पुन्हा दोनतीनदा किल्ली फिरव आणि चोकच्या तारेला हात लाव.”

मला वाटले, वयोमानाने बोलण्याचा धागा सुटला. चोकचा आणि स्टार्टरचा काय संबंध? तरी हात लावला आणि झटकन मागे घेतला. तार चांगलीच तापली होती!

“तापली ना? मग अर्थिंगची पट्टी गेली.”

त्यांनी समजावून सांगितले ते असे. बॅटरीचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इंजिन मात्र रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. स्टार्टरकडे गेलेली शेकडो अँपिअरची वीज याच वाटेने परत येते. पावसाळ्यात ती वाट गंजून बंद झाली, तेव्हा वीज मिळेल त्या पाऊलवाटेने, म्हणजे चोकच्या तारेतून, परतू लागली. एवढ्याशा तारेला तो भार कसा झेपणार? दिव्यांना आणि सोलेनॉइडला सांगाड्याची वाट मोकळी होती, म्हणून दिवे लखलखीत आणि ‘टक्’ हा आवाजही ठणठणीत.

मी डिकीतून जोडतार काढली. तिचे एक टोक सांगाड्याच्या जाड लोखंडावर खरडून घट्ट बसवले आणि दुसरे इंजिनावर. बॅटरीजवळ ठिणगी उडू द्यायची नाही, तिथे हायड्रोजन वायू असतो, हे वडिलांनी दोनदा बजावले. गिअर न्यूट्रलला, हातब्रेक ओढलेला. किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झाले. लिंबू चिरडले गेले. मुलीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पट्टी काढून दाखवली. एका टोकाशी हिरवी भुकटी झाली होती. नवी पट्टी पडली दीडशे रुपयांना. “बॅटरी काहून बदलली भाऊ?” त्याने विचारले. मी काय उत्तर देणार?

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला, त्यापूर्वी इंजिन हँडलने फिरवावे लागे. उलटा झटका बसून मनगटे मोडत. आमच्या ॲम्बॅसडरलाही हँडलचे भोक आहे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे वडिलांनी मला पंधराव्या वर्षी शिकवले होते. ते मी विसरलो नव्हतो. आधी विचार आणि मग खर्च, हे मात्र पार विसरलो होतो.

त्या दिवशी महालाकडे जाताना वडील माझ्या शेजारी बसले होते. काच खाली होती. व्हरायटी चौक मागे पडला तसे ते सहज म्हणाले, “किती देणार होता रे तो भंगारवाला?”

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

“तुम्हांला कुणी सांगितले?”

“फोनवर मोठ्याने बोलतोस. डोळे गेलेत माझे, कान नाही.”

यावर मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. बडकस चौकापाशी एकदाच म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पाहून घे.”

भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवले आहे. गाडीच्या नोंदणीची मुदत २०२८ पर्यंत आहे. तोवर दर दसऱ्याला महालात सोने पोचवायचे, असे आम्ही ठरवले आहे. आणि हो, तिसरा प्लग खरोखरच काजळला होता.